पहिली मुलाखत, आणि समोर बसणारे मालक ओळखीचे ‘काका’: बोलावे कसे?

प्रश्न
बागायतदाराची मुलगी, तासगाव तालुका

नमस्कार. मी यंदा बी.कॉम. झाले असून टॅलीचा तीन महिन्यांचा वर्गही पूर्ण केला आहे. येत्या गुरुवारी सांगलीतील एका बेदाणा व्यापाऱ्यांच्या कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेबाच्या कामासाठी माझी मुलाखत आहे. आयुष्यातील ही पहिलीच मुलाखत. कामाची मला तितकीशी भीती वाटत नाही, पण बोलण्याची वाटते, आणि तिचे कारण थोडे वेगळे आहे.

माझे वडील गेली बारा-तेरा वर्षे याच व्यापाऱ्यांच्या अडतीवर बेदाणा सौद्याला लावतात. मी लहानपणापासून त्यांना ‘काका’ म्हणते. ते आमच्या घरी जेवून गेले आहेत. मुलाखतीला ते स्वतः, हिशेब पाहणाऱ्या त्यांच्या सूनबाई आणि पुण्याहून येणारे त्यांचे सीए असे तिघे बसणार आहेत. आता मी त्यांना ‘सर’ म्हटले, तर चार बुके शिकून पोरगी ओळख विसरली असे त्यांना वाटेल, आणि ‘काका’ म्हटले, तर ही वशिल्याने आलेली दिसते असे सीए साहेबांना वाटेल. सूनबाई माझ्याहून सहा-सात वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांना ‘वहिनी’ म्हणावे की ‘मॅडम’, हाही प्रश्न आहेच.

दुसरे असे, की आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी येतो’, ‘मी करतो’ असेच बोलतात. पुण्याला शिकणाऱ्या मैत्रिणी त्यावरून मला हसतात. म्हणून मी आरशासमोर शुद्ध बोलण्याचा सराव सुरू केला, तर तोंडातून ‘आपल्या प्रतिष्ठित संस्थेत सेवा करण्याची संधी प्राप्त व्हावी’ अशी वाक्ये येऊ लागली, आणि मी बोलत नसून कोणाचा तरी अर्ज वाचून दाखवत आहे असे मलाच वाटू लागले. नम्रपणे, पण कामाच्या माणसासारखे बोलायचे म्हणजे नेमके कसे बोलायचे, हे कोणी अनुभवाने सांगू शकेल का?

उत्तर १
कुपवाडचा निवृत्त कर्मचारी-अधिकारी

मी कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात कामगार-भरतीचे काम अठ्ठावीस वर्षे पाहिले. सांगली-मिरजेसारख्या ठिकाणी मालक ओळखीचा निघणे ही नवलाची गोष्ट नाही, त्यामुळे आपल्यावरच असा प्रसंग आला आहे असे समजू नका.

प्रथम ‘काका’ आणि ‘सर’ यांविषयी. मराठीत आदर दाखवण्यासाठी दर वाक्याला संबोधन लावावे लागत नाही, कारण आपले क्रियापदच तो भार उचलते. ‘तुम्ही आत्ता विचारलेत त्याबद्दल सांगायचे तर’ असे म्हटले, की त्यात ‘सर’ नाही आणि ‘काका’ही नाही, तरीही आदर पुरेपूर आहे. आत जाताना तिघांनाही मिळून हात जोडून ‘नमस्कार’ म्हणावे, ‘बसू का?’ असे विचारावे, आणि त्यानंतर संबोधनाविनाच बोलावे. काकांनी स्वतःहून ‘काय गं, बाबा कसे आहेत?’ असे विचारले, तर ‘बरे आहेत, काका’ एवढे एका वाक्यात सांगून थांबावे. ओळखीचे दार त्यांनी उघडले तर उंबरठ्यावरून बोलावे, आपण होऊन ते ढकलू नये. बागेची ख्यालीखुशाली, यंदाचा दर, चुलत्याचे लग्न हे सगळे त्या खोलीत नको. सूनबाईंना मात्र ‘मॅडम’ म्हणणेच बरे, कारण त्या तिथे हिशेबाच्या प्रमुख म्हणून बसणार आहेत, आणि ‘वहिनी’ म्हटल्याने त्यांचे ते स्थान सीएंच्या देखत कमी होते. हा मुद्दा मुली फारसा ध्यानात घेत नाहीत.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सांगतो. शेतकरी घरातून आलेले उमेदवार ‘मी’ हा शब्द टाळतात. ‘तुम्ही काय काम केले आहे?’ असे विचारले, की ‘आम्ही असंच घरचं बघतो’ असे उत्तर येते. हा विनय आहे हे मला कळते, कारण मीही त्याच घरांतला आहे, परंतु विचारणाऱ्याच्या कागदावर काहीच उतरत नाही. मी अशा उमेदवारांना मुद्दाम खोदून विचारायचो, तेव्हा कळायचे, की घरचा सगळा व्यवहार हीच पोर पाहते. वडिलांच्या बेदाण्याच्या पट्ट्या, म्हणजे अडतीवरून मिळणारे विक्रीच्या हिशेबाचे कागद, तुम्हीच वहीत उतरवत असाल, हमाली, तोलाई, अडत वजा जाऊन हाती किती आले याचा ताळा तुम्हीच करत असाल, शेती-औषधांच्या दुकानाची उधारी तुम्हीच लिहून ठेवत असाल, तर ते तसे सांगा: ‘गेली चार वर्षे घरच्या पट्ट्या मी तपासते. जमा-खर्चाची वही माझ्याकडे आहे.’ साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो, प्रतीवरून दर कसा फिरतो, सुकवण्याच्या रॅकवर माल किती दिवस राहतो, हे तुम्हाला जन्मापासून माहीत आहे, आणि बाहेरून आलेल्या बी.कॉम.ला ते शिकवण्यात मालकाचा पहिला हंगाम जातो. ते सांगणे म्हणजे बढाई नव्हे. (एक सावधगिरी: पट्टीतील चूक तुम्ही कधी पकडली असेल आणि ती पट्टी याच काकांच्या अडतीची असेल, तर तो किस्सा मात्र घरीच ठेवा.)

माहीत नसलेल्या गोष्टीविषयी दोन शब्द. सीए तुम्हाला जीएसटीचे काही विचारणारच. ‘असेल बहुतेक’, ‘तसंच असतंय की’ अशी उत्तरे हिशेबाच्या कामात सर्वांत वाईट, कारण अंदाजाने आकडा भरणारी व्यक्ती कोणालाच नको असते. समजा, ई-वे बिलाविषयी विचारले, तर ‘राज्याबाहेर ५० हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल पाठवताना ते लागते एवढे मला नक्की माहीत आहे, राज्यातल्या राज्यात किती मर्यादा आहे ते मला पाहून सांगावे लागेल’ असे उत्तर द्यावे. माहीत असलेले आणि नसलेले यांच्यामध्ये अशी सरळ रेघ ओढणारा उमेदवार मी सहसा परत पाठवला नाही.

शेवटी एक लहानशी गोष्ट. फाटकावरचे रखवालदार आणि चहा आणणारे मामा यांच्याशीही अहो-जाहोनेच बोला. ‘मामा, इथे बसले तर चालेल का?’ एवढे पुरते. मुलाखती संपल्यावर मी आमच्या शिपाईमामांना हमखास विचारायचो, की बाहेर बसलेल्यांपैकी कोण कसे बोलले.

उत्तर २
मराठीची शिक्षिका, सातारा

वरील उत्तर उत्तम आहे, फक्त भाषेच्या अंगाने थोडी भर घालते, आणि एका ठिकाणी माझे मत वेगळे आहे.

अनेकांना वाटते, की ‘तुम्ही’पेक्षा ‘आपण’ अधिक नम्र, म्हणून मुलाखतीत ‘आपण’च वापरावे. हा शब्द मोठा फसवा आहे. ‘आपण’ म्हणजे समोरची आदरणीय व्यक्ती, ‘आपण’ म्हणजे बोलणारा आणि ऐकणारा दोघे मिळून, आणि आपल्या भागात तर ‘आपण नाही बाबा कुणाला भीत’ अशा वाक्यात ‘आपण’ म्हणजे चक्क ‘मी’. उमेदवार म्हणतो, ‘आपण मागच्या वर्षी टॅली शिकलो आहे’, आणि ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही, की शिकले कोण. म्हणून समोरच्यांना सरळ ‘तुम्ही’ आणि स्वतःला सरळ ‘मी’ म्हणावे. ‘तुम्ही’ने कोणाचाही मान कमी होत नाही.

विनंतीही क्रियापदातच असते. प्रश्न नीट ऐकू आला नाही, तर ‘परत सांगा’ हे आदरार्थी असूनही आज्ञाच आहे, ‘पुन्हा एकदा सांगाल का?’ ही विनंती आहे. आज्ञेआधी ‘कृपया’ चिकटवल्याने ती मऊ होत नाही. ‘कृपया रांगेत उभे राहा’ ही पाटी वाचताना कोणालाच आपल्याला विनवले जात आहे असे वाटत नाही. त्याउलट ‘मला जरा विचार करू द्याल का?’ असे म्हणून दहा सेकंद गप्प राहिलेले मुलाखतीत पूर्ण चालते. आपली मुले गप्प राहण्याला घाबरतात आणि मग ‘म्हणजे’, ‘ते आपलं हे’ यांनी जागा भरतात.

हिशेबाच्या कामासाठी जात आहात म्हणून आणखी एक. चुकीविषयी विचारले, तर मराठी आपल्याला पळवाट देते. ‘बेरीज चुकली’ या वाक्यात चुकवणारा कोणीच नाही, जणू बेरीज आपली आपणच वाट चुकली. ‘माझी बेरीज चुकली’ म्हटले, की एका शब्दाने जबाबदारी येते, आणि तरीही ‘मी चूक केली’ असे म्हणताना येणारा कबुलीजबाबाचा सूर येत नाही. त्यापुढे ‘म्हणून आता मी प्रत्येक पानाची बेरीज उलटीकडूनही करून पाहते’ असे एक वाक्य आले, तर ते उत्तर पूर्ण झाले. ‘करण्यात आले’, ‘पाहण्यात आले’ हे सरकारी परिपत्रकात ठीक आहे, तोंडी बोलताना त्यामागे माणूस लपतो.

आता ‘मी करतो’विषयी. कोल्हापूर-सांगलीकडच्या कितीतरी बायका असेच बोलतात, ती त्या भागाची रीत आहे आणि तिच्यात असभ्य असे काहीच नाही. मैत्रिणी हसतात हा त्यांचा प्रश्न. तसेच ‘कधी आलासा?’, ‘काय म्हणालासा?’ यांतला ‘सा’ तर उघडउघड आदरार्थी आहे, तो पुण्याच्या कानाला कळला नाही तरी. तरीही पुण्याचे सीए समोर असताना ‘काय म्हणालात?’ असे म्हणणे सोयीचे, कारण त्यांचे लक्ष तुमच्या उत्तराकडे राहावे, लकबीकडे जाऊ नये. ‘करते’, ‘येते’ यांचा चार दिवस घरी बोलून सराव करा. मात्र ऐन वेळी ‘करतो’ निसटले, तर थांबून जीभ चावून दुरुस्त करत बसू नका, पुढे बोलत राहा. ‘ण’ आणि ‘न’ यांचेही तेच. ज्याचे अर्धे लक्ष स्वतःच्या जिभेवर पहारा देण्यात जाते, त्याचा विचार अर्धाच बाहेर येतो.

माझे वेगळे मत ते एवढेच, की संबोधन पूर्णपणे टाळणे नवख्या मुलीला जड जाईल. निदान सुरुवातीच्या आणि शेवटच्या वाक्यात एकदा ‘सर’ म्हणावे. ओळख असलेल्या माणसाने कामाच्या ठिकाणी ‘सर’ म्हटलेले काकांना खुपेल असे मला वाटत नाही, उलट पोरीला जागेचे भान आहे असेच वाटेल.

उत्तर ३
कराडकर, सध्या पुण्यात नोकरीस

मागच्या वर्षी पहिल्या मुलाखतीत मी जे केले ते तुम्ही करू नका, एवढ्यासाठीच लिहीत आहे. माझा परिचय मी इंग्रजीत घोकून गेलो होतो आणि सुरुवातच ‘मायसेल्फ’ या शब्दाने केली. तो शब्द तिथे चुकीचा आहे हे मला नंतर समजले. दुसऱ्याच प्रश्नाला घोकलेले संपले, आणि मग मला इंग्रजीही सुचेना आणि मराठीत बोलायचीही लाज वाटू लागली. त्यानंतरच्या मुलाखतीत मी सुरुवातीलाच विचारले, ‘कामापुरते इंग्रजी मला येते, पण सविस्तर उत्तर मराठीत दिले तर चालेल का?’ त्यांनी लगेच होकार दिला. तुमच्या ठिकाणी बहुधा हा प्रश्न येणारच नाही, पण सीएंनी इंग्रजीत विचारले, तर हे एक वाक्य तयार असू द्या.

दुसरी चूक अधिक मनाला लागलेली आहे. मी साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेतून शिकलो. तीन वर्षे सकाळी शेतावर आणि रोपवाटिकेत काम केले, पुढे भांडारातील वस्तूंची नोंदवहीही माझ्याकडे होती. मुलाखतीत ‘शिक्षणाच्या काळात काही काम केले का?’ असे विचारल्यावर मी ‘नाही’ म्हणालो, कारण मला ते गरिबीचे सांगणे वाटले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे ही संस्था सुरू केली, ती मुलांनी कष्ट करून ताठ मानेने शिकावे म्हणून, आणि मी तेच काम खाली मान घालून लपवले. निवृत्त साहेबांनी ‘मी’विषयी लिहिलेले वाचून ते आठवले.

प्रश्नकर्ती
बागायतदाराची मुलगी, तासगाव तालुका

सर्वांची मनापासून आभारी आहे. पट्ट्यांच्या वहीविषयी मुलाखतीत सांगायचे असते हे माझ्या डोक्यातच आले नव्हते. ती वही सोबत नेणार आहे. पकडलेली चूक त्याच अडतीची होती, हे निवृत्त साहेबांना कसे कळले कोण जाणे!

आता तीन गोष्टी आणखी विचारते. ‘लग्नाचे काय ठरले आहे?’ असे विचारले, तर उद्धट न वाटता काय उत्तर द्यावे? काकांना आमच्या घरची बोलणी माहीत असतात, म्हणून हा प्रश्न नक्की येईल. पगार किती हवा असे विचारले, तर ओळखीच्या माणसापुढे आकडा कसा काढावा? आणि वडील सोबत येतो म्हणत आहेत.

उत्तर ४
एक लेखापाल, विश्रामबाग

पहिला प्रश्न मलाही विचारला गेला होता. माझ्या पहिल्या मालकांनी तर सासर कोणत्या गावी असेल इथपर्यंत चौकशी केली. तेव्हा मी लाजून हसले आणि गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा अर्थ त्यांनी ‘वर्षभरात जाणार’ असा घेतला. १९७६ च्या समान वेतन कायद्यापासूनच एकाच प्रकारच्या कामाच्या भरतीत स्त्री म्हणून भेद करण्यास आपल्याकडे मनाई आहे. पण हे वाक्य काकांच्या समोर म्हणून दाखवण्याची गरज नाही. विचारणाऱ्याच्या मनात खरी शंका असते, ती म्हणजे शिकवून तयार केलेली मुलगी ऐन हंगामात सोडून जाईल का. त्या शंकेचे उत्तर द्यावे, लग्नाचे देऊ नये. ‘घरी अजून तसे काही ठरलेले नाही. मी हे काम नीट शिकून काही वर्षे करण्याच्या तयारीने आले आहे, आणि कधी सोडण्याची वेळ आलीच, तर पुरेशी आधी कल्पना देऊन, हिशेब पूर्ण करूनच सोडेन.’ एवढे सांगून थांबावे. पुन्हा तोच विषय निघाला, तर ‘ते घरचे बघतील, कामाचे मात्र मी सांगितले तसे’ असे हसतमुखाने म्हणावे. हसणे चालेल, लाजणे नको.

पगाराविषयी ‘तुम्ही द्याल ते’ हे उत्तर ओळखीच्या ठिकाणी हमखास तोंडात येते, आणि तेच सर्वांत महाग पडते. कारण पुढे कमी वाटले, तरी वडिलांचा व्यवहार असल्यामुळे तुम्हाला बोलता येणार नाही. आधी विचारावे: ‘या कामासाठी तुम्ही काय ठरवले आहे ते सांगितलेत, तर मला विचार करता येईल.’ त्यांनी आकडा तुमच्याकडूनच मागितला, तर सांगलीत अशा कामाला नवख्यांना काय मिळते ते दोन-तीन ठिकाणी आधीच विचारून ठेवलेले असावे, आणि तो आकडा ‘साधारण’, ‘बघा’, ‘जमलं तर’ असे काहीही न जोडता सांगावा. भविष्य निर्वाह निधी, सुट्टी आणि फेब्रुवारी ते एप्रिलच्या गर्दीत कामाचे तास किती असतात, हेही शांतपणे विचारा. त्यात लोभीपणा नाही. हिशेबाला येणारी मुलगी स्वतःचाच हिशेब विचारत नसेल, तर मला ते जास्त खटकेल.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण सांगते. मूळ गुणपत्रिका ‘राहू देत इथेच’ असे कोणी आपलेपणाने म्हणाले, तर ‘पडताळून पाहा, मी थांबते. झेरॉक्सचा संच मी तुमच्यासाठी आणला आहे’ असे म्हणून तो पुढे करावा. नकाराचा शब्द उच्चारावा लागत नाही.

वडिलांना मुलाखतीच्या खोलीत नेऊ नका. त्यांना वाईट वाटणार नाही अशा बेताने सांगा.

उत्तर ५
कुपवाडचा निवृत्त कर्मचारी-अधिकारी

वडिलांना मार्केट यार्डात काम असतेच. त्यांना तिकडे जाऊ द्या आणि परत जाताना भेटा. वडील बाहेरच्या बाकावर जरी बसले असले, तरी काका तुमच्याशी न बोलता त्यांच्याशीच बोलतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. आणि नेहमीच्या एसटीपेक्षा एक एसटी आधीची धरा. उशिरा पोहोचून म्हटलेले ‘माफ करा’ कितीही गोड असले, तरी ते उशिराच म्हटलेले असते. सातारच्या बाईंचे ‘सर’विषयीचे म्हणणे मला मान्य आहे.

प्रश्नकर्ती
बागायतदाराची मुलगी, तासगाव तालुका

काल मुलाखत झाली. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना कळवणे माझे कर्तव्य आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

आत गेल्यावर ‘नमस्कार सर’ म्हणाले. काकांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि ‘बसा’ म्हणाले. याआधी त्यांनी मला कधी ‘बसा’ म्हटल्याचे मला तरी आठवत नाही. पुढचा अर्धा तास सीए साहेबांनीच प्रश्न विचारले. ई-वे बिलाचे विचारले नाही, पण उधारीच्या विक्रीची नोंद आणि बँकेचा ताळमेळ विचारला. ताळमेळाच्या एका प्रश्नावर ‘मला विचार करू द्याल का?’ असे म्हणून मी खरोखरच गप्प बसले, आणि ते थांबले. वही दाखवली तेव्हा सूनबाईंनी ती हातात घेऊन दहा-बारा पाने उलटली आणि हमालीचा रकाना वेगळा का ठेवला आहे ते विचारले. सांगण्याच्या भरात ‘दर महिन्याला मी ताळा करतो’ असे माझ्या तोंडून गेलेच. मी पुढे बोलत राहिले. थोड्या वेळाने सूनबाईच सीए साहेबांना म्हणाल्या, ‘ते मी बघतो नंतर.’ त्या मिरजेच्या आहेत हे मला माहीत नव्हते.

लग्नाचे विचारले. विश्रामबागच्या ताईंनी लिहिलेले वाक्य जवळजवळ तसेच म्हणाले, आणि विषय तिथेच थांबला. पगाराचा आकडा त्यांनीच सांगितला, तो मी चौकशी करून ठेवलेल्या रकमेपेक्षा थोडा कमी आहे, म्हणून ‘सोमवारपर्यंत विचार करून कळवले तर चालेल का?’ असे विचारून आले. त्यांचाही निर्णय सोमवारीच कळणार आहे.

निघताना तिघांना नमस्कार करून ‘येते मी’ म्हणाले. सीए साहेब म्हणाले, ‘या.’ काका म्हणाले, ‘ये.’